सीपॅप मशीन घरी आल्यावर

बाबांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. त्यासाठी मास्कमधून दाबाची हवा देणारं सीपॅप मशीन घरी आलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी काका पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन आले. मशीनमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, असं दुकानदाराने बजावलं होतं. काकांनी तो कॅन विट्याहून बाइकवर पुढ्यात धरून आणला होता. कॅनवर बॅटरीचं चित्र होतं. इन्व्हर्टरमध्ये घालतात ते पाणी. त्याच आठवड्यात बाबांना सर्दी झाली म्हणून आईने मशीनच्या टाकीत निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब सोडले. आणि मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सारखी हवा जाते, हे बघून धाकट्या भावाने त्यावर चिकटपट्टी लावली.

तिघांनीही जे केलं ते काळजीपोटी केलं. तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या, आणि चिकटपट्टी तर जीवावर बेतणारी होती. गेल्या चार वर्षांत ओळखीच्या इतर घरांतही मी असंच पाहत आले. मशीन बिघडल्यामुळे त्रास झाला असं फार कमी वेळा घडतं. ते चालतं कसं, हे घरात कुणाला नीट ठाऊक नसतं आणि म्हणून माणसं आपल्या समजुतीने त्याला मदत करायला जातात. मशीन देणारा माणूस वीस मिनिटांत मास्क लावून दाखवतो, सही घेतो आणि निघून जातो. डॉक्टरांनी मशीन लिहून दिलंय, ते घरात आलंय आणि आज रात्री लावून झोपायचंय, अशा घरासाठी हे लिहिते आहे.

घशात नेमकं काय होतं

जागेपणी घशाचे स्नायू ताणलेले असतात, त्यामुळे हवेची वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो, मानेभोवती चरबी जास्त असते, टॉन्सिल मोठे असतात किंवा खालचा जबडा थोडा मागे असतो, त्यांची ही वाट झोपेत मिटते. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास असा थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, माणूस गचका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. शेजारी झोपलेल्या माणसाला मात्र सगळं ठाऊक असतं. मोठमोठ्याने घोरणं, मग एकदम शांतता, मग गचका. आई ती शांतता आकडे मोजत काढायची.

स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टवर एएचआय नावाचा एक आकडा असतो. दर तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, याची ती सरासरी. मोठ्या माणसांमध्ये पाचच्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, असं ढोबळ मोजमाप आहे.

हा आजार आपल्याकडे नवा नाही आणि दुर्मीळही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा अडथळा होत असल्याचं दिसलं. त्याच्या जोडीला दिवसा झापड येणारे, म्हणजे खऱ्या अर्थाने आजारी म्हणावेत असे, ७.५ टक्के होते. तरी अनेक घरांत स्लीप ॲप्निया हे नाव पहिल्यांदा ऐकू आलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा. डॉक्टरांनी त्यांच्या मृत्यूचं कारण हेच सांगितलं होतं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचं निदान निवृत्तीनंतर झालं. शेवटच्या काही वर्षांत रात्रीच्या गाडीवर डोळे जड व्हायचे, असं ते आता सहज बोलता बोलता सांगतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ज्याला दिवसा झापड येते त्याने उपचार नीट लागू पडेपर्यंत गाडी हातात घेऊ नये. दुचाकीसुद्धा.

मशीन करतं काय, आणि करत नाही काय

सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटर नाही. श्वास तुमचा तुम्हीच घेता. मशीनमधला छोटा पंखा खोलीतली हवा ओढून एका ठरावीक दाबाने नळीतून, मास्कमधून घशात सोडतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसा त्या दाबाने घसा उघडा राहतो, एवढंच. कोविडनंतर पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून सांगते. हे ऑक्सिजन तयार करणारं कॉन्सन्ट्रेटर नव्हे. यातून येते ती खोलीतलीच साधी हवा.

पहिल्या रात्री बाबांना भीती होती की एवढ्या जोराच्या हवेने फुफ्फुस फुटेल. रिपोर्टवर दाब 'सेंटिमीटर पाणी' अशा मापात लिहितात, बहुतेक मशीनमध्ये तो ४ ते २० च्या दरम्यान असतो. दहा सेंटिमीटर म्हणजे किती, हे पेल्याभर पाण्यात दाखवता येतं. स्ट्रॉ पाण्यात दहा सेंटिमीटर बुडवायची आणि फुंकून बुडबुडा काढायचा. त्यासाठी जेवढा जोर लागतो, तेवढाच हा दाब. आपल्या अंगावर वातावरणाचा जो दाब कायम असतो, त्याच्या साधारण एक टक्का. बाबांनी स्वतः फुंकून पाहिलं आणि मग मास्क लावून घेतला.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांची. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणं. १९८० साली सलिव्हननी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून तिची हवा रुग्णाच्या नाकात सोडली आणि त्या रात्री घोरणं थांबलं. पाच रुग्णांवरचे निष्कर्ष १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज पलंगाशेजारी ठेवलेला छोटा डबा त्याच मोटरची पुढची पिढी आहे.

साध्या सीपॅपमध्ये रात्रभर एकच दाब असतो. 'ऑटो' मशीन डॉक्टरांनी ठरवलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये गरजेप्रमाणे दाब कमीजास्त करतं. बायपॅपमध्ये श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी, असे दोन दाब असतात. ते बहुधा वेगळ्या आजारांसाठी किंवा जास्त दाब लागणाऱ्यांसाठी देतात. दिसायला तिन्ही सारखीच, म्हणून शेजारच्यांचं मशीन उसनं आणून भागेल असं वाटतं. भागत नाही. दाबाचे आकडे त्या त्या माणसाच्या घशासाठी बसवलेले असतात. इंटरनेटवर बघून आतला मेनू उघडायचा आणि दाब स्वतःच वाढवायचा, हे तर मुळीच नको. दाब जास्त झाला तर पोटात हवा जाते, झोप मोडते, आणि काही जणांमध्ये घशाचा अडथळा नसताना मेंदूच श्वासाचा इशारा द्यायला चुकतो, असे निराळे ॲप्निया सुरू होतात.

ती बारीक भोकं

आता चिकटपट्टीकडे येते, कारण या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

सीपॅपला नळी एकच असते. ताजी हवा त्याच नळीतून येते. मग सोडलेला श्वास, त्यातला कार्बन डायऑक्साइड, जातो कुठून? मास्कवरच्या त्या बारीक भोकांतून. मशीनचा दाब आतून सतत ढकलत असतो, त्यामुळे वापरलेली हवा भोकांतून बाहेर पडत राहते. हातावर जी झुळूक लागते ती गळती नसते. ती भोकं बुजवली तर माणूस स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहतो. चिकटपट्टी, कापसाचा बोळा, तोंडावर ओढलेलं जाड पांघरूण, भोकांत साठलेला मळ, यातलं काहीही असो, परिणाम तोच.

याच कारणाने मास्क विकत घेताना एक गोष्ट मोठ्याने विचारा: हा व्हेंटेड आहे ना? हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटरला लावायचे, भोकं नसलेले मास्क वेगळे मिळतात. श्वास सोडायची सोय त्या मशीनच्या नळीत असते. त्या मास्कचा कोपऱ्याचा भाग बहुधा निळा असतो. असा मास्क चुकून घरच्या सीपॅपला जोडला तर श्वास बाहेर पडायला वाटच राहत नाही. घरी आणल्यावर मशीन सुरू करून मास्कवर तळहात फिरवा. भोकांतून झुळूक लागली पाहिजे.

हे समजलं की पुढचा नियम आपोआप कळतो. मशीन बंद असताना मास्क तोंडावर ठेवायचा नाही. मशीन बंद, म्हणजे आतून ढकलणारा दाब नाही, म्हणजे भोकांतून हवा नीट बाहेर जात नाही. नाकावरचा मास्क असेल तर माणूस निदान तोंडाने श्वास घेऊ शकतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या फुल फेस मास्कमध्ये एक छोटी झडप असते. दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. मास्क धुताना त्या झडपेत केस, साबण, सुकलेली लाळ अडकलेली नाही ना, ती सहज हलते ना, हे पाहा. फाटलेली किंवा चिकटून बसलेली झडप असलेला मास्क वापरायचा नाही.

ज्याला आपल्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला फुल फेस मास्क लावून एकटं झोपवू नये. पक्षाघाताने हात लुळा पडलेली आजी, झोपेच्या जड गोळ्या घेतलेला माणूस, लहान मूल, या सगळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. उलटी होईलसं वाटलं तर मास्क ताबडतोब काढायचा, कारण मास्कमध्ये उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. पट्ट्याची पटकन सुटणारी क्लिप कुठली, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा अंधारात करून पाहावं. आम्ही ते खरोखर दिवे घालवून केलं होतं.

रात्रीची लाइट

आमच्या गावात लाइट जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. वीज गेली की मशीन थांबतं, बहुतेक जण घुसमट होऊन आपोआप जागे होतात आणि मास्क काढतात. मशीनविना एखादी रात्र गेली म्हणून सहसा काही अघटित होत नाही, पण घोरणं आणि झापड लगेच परत येते. अशा रात्री कुशीवर झोपायचं, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवायची, आणि दारू किंवा झोपेची गोळी अजिबात नाही. या दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. खरं तर मशीन चालू असतानाही हाच नियम.

इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे का, हे विचारा. जुन्या, स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, त्यावर ॲडॉप्टर तापू शकतो. वीज सगळ्यात जास्त खाते ती पाणी गरम करणारी तबकडी आणि गरम नळी. लाइट गेल्यावर ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा हा भाग, बंद करून नुसती हवा चालू ठेवली तर तीच बॅटरी कितीतरी जास्त तास पुरते. भावाचा ट्रॅक्टरच्या बॅटरीला थेट वायर जोडायचा विचार होता. बारा किंवा चोवीस व्होल्टवर चालवायला त्या त्या कंपनीचा कन्व्हर्टर मिळतो, तो असेल तरच. मशीन मल्टीप्लगमध्ये हीटर किंवा इस्त्रीसोबत लावू नये. भिंतीतला अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्यावा आणि वायर पायात येणार नाही अशी घ्यावी. रात्री बाथरूमला उठताना नळीत पाय अडकून पडणं, हा वयस्कर माणसांसाठी खरोखरचा धोका आहे.

टाकीतलं पाणी

दाबाची हवा नाक कोरडं करते, म्हणून मशीनला पाण्याची छोटी टाकी असते. त्या पाण्यावरून गेलेली ओलसर हवा रात्रभर थेट नाकात आणि फुफ्फुसांत जाते. हे लक्षात ठेवलं की टाकीत काय घालायचं आणि काय नाही, याचे बरेच प्रश्न सुटतात.

घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, औषधाच्या दुकानातून आणलेलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी क्षारमुक्त असलं तरी ते माणसाच्या श्वासासाठी तयार केलेलं आणि भरलेलं नसतं, त्यामुळे काकांचा कॅन इन्व्हर्टरकडे गेला. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण ते निर्जंतुक नसतं. बोअरचं पाणी दोन दिवसांत टाकीच्या तळाला पांढरा थर धरतं. एखाद्या रात्री डिस्टिल्ड मिळालंच नाही तर पाणी उकळून, झाकून, पूर्ण गार करून वापरावं. उकळल्याने जंतू मरतात. क्षार तसेच राहतात, म्हणून ही रोजची सवय नको. तेही जमलं नाही तर टाकी कोरडी ठेवून झोपलेलं बरं. मशीन पाण्याशिवायही चालतं, फक्त नाक कोरडं पडतं.

निलगिरी, व्हिक्स, कापूर, अत्तर यातला एक थेंबही टाकीत नको. तेलाचा अंश रात्रभर फुफ्फुसात जातो, आणि टाकीचं, नळीचं प्लास्टिकही खराब होतं. सर्दीत वाफारा घ्यायचा तर झोपण्याआधी वेगळ्या पातेल्यात घ्यावा, तोंड पुसावं आणि मग मास्क लावावा. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे उपयोगी पडतो. नाक रोजच चोंदत असेल तर डॉक्टर वेगळा स्प्रे देतात.

सकाळी उरलेलं पाणी फेकायचं, टाकी धुऊन उलटी ठेवून वाळवायची आणि रात्री नवं पाणी भरायचं. कालच्या पाण्यात भर घालायची नाही. पाणी भरलेलं मशीन उचलायचं, तिरकं करायचं किंवा पिशवीत घालायचं नाही, कारण ते पाणी मोटरमध्ये उतरतं. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली, पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवावं. डिसेंबरात खोली गार पडते, तेव्हा नळीतली वाफ थंड होऊन पाणी होतं आणि मास्कमध्ये गळगळ करत नाकात येतं. बाबा एकदा बुडतोय असं वाटून दचकून उठले होते. मशीन खाली असेल तर ते पाणी परत टाकीकडे जातं. नळीला कापडी गवसणी घातली किंवा ओलावा एक आकडा कमी केला तरी फरक पडतो. आईने जुन्या स्वेटरच्या बाह्या जोडून गवसणी शिवली, ती अजून चालू आहे.

खोलीतली हवा

मशीन खोलीतली हवा ओढतं, म्हणजे खोलीत जे असेल ते ओढतं. डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती मशीनजवळ पेटवून झोपू नये. मच्छरदाणी सगळ्यात चांगली, नळी तिच्याखालून घेता येते. आमच्याकडे गळीत हंगामात साखर कारखान्याची काजळी अंगणापर्यंत येते, तेव्हा मशीनचा फिल्टर आठवड्यात करडा होतो. बारीक पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, तो बदलायचा. जाड, स्पंजसारखा फिल्टर असेल तर तो धुऊन पूर्ण वाळवून परत लावता येतो. किती दिवसांनी, ते माहितीपुस्तिकेत असतं, पण धुळीच्या गावात पुस्तिकेपेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबावं. फिल्टर काढून मशीन कधीच चालवू नये. मशीनची हवा आत ओढायची बाजू पडद्याला किंवा चादरीला टेकवू नये.

साफसफाईला लागतं ते कोमट पाणी आणि सौम्य साबण, एवढंच. मास्कचा मऊ भाग रोज धुवायचा किंवा निदान पुसायचा, कारण चेहऱ्याचं तेल लागलं की तो घसरतो आणि हवा खरोखरच गळू लागते. नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा, सावलीत वाळवून. कडक उन्हात ते लवकर खराब होतात. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट वापरायचं नाही, त्यांचा वास आणि अंश दोन्ही मागे राहतात. टाकीत क्षार बसले तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी घालून भिजवायची आणि भरपूर पाण्याने धुवायची.

'बटण दाबा, मशीन आपोआप निर्जंतुक' असं सांगून ओझोन वायूचे आणि अतिनील किरणांचे डबे विकले जातात. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीए या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्येच लोकांना सावध केलं होतं की सीपॅप स्वच्छ करण्यासाठी असं एकही उपकरण त्यांनी तोपर्यंत मंजूर केलेलं नव्हतं. ओझोन नळीत उरला तर छातीला त्रास होतो. दम्याच्या माणसाने तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

याला जोडूनच जून २०२१ चं एक प्रकरण जुनं मशीन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. फिलिप्सने आपल्या लाखो मशीन जगभरातून परत बोलावल्या. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता होती, आणि ओझोनने सफाई केली की फोम लवकर झिजतो असं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणून वापरलेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तर आधी त्याचं मॉडेल आणि सिरीयल नंबर कंपनीकडे तपासून घ्या. दाब तुमच्या डॉक्टरांकडून नव्याने बसवून घ्या. मास्क, नळी, फिल्टर, टाकी हे सगळं मात्र नवंच घ्यायचं.

मास्क आणि चेहरा

मशीन सोडून देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मास्कमुळे सोडतात. पहिली चूक पट्टे आवळण्याची. हवा गळली की हात आपोआप पट्ट्याकडे जातो, पण मास्कचा मऊ भाग हवेने फुगून चेहऱ्यावर अलगद बसावा असा बनवलेला असतो. आवळला की तो दुमडतो, आणखी गळतो आणि नाकाच्या हाडावर जखम करतो. झोपायच्या स्थितीत, मशीन चालू ठेवून, पट्टे आधी सैल करून मग बेताने घट्ट करावेत. पट्ट्याखाली एक बोट जायला हवं. नाकावर लाली उठली आणि दिवसभर गेली नाही, तर माप किंवा प्रकार बदलायची वेळ आली.

बाबांच्या मिशा भरघोस आहेत आणि त्यांच्यावर कात्री चालवायचा प्रस्ताव घरात मांडण्याची कुणाची हिंमत नव्हती. नाकावरचा मास्क मिशीवर बसेना. शेवटी नाकपुडीच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ उशा असलेला प्रकार, नेझल पिलो, त्यांना जमला. तोंड उघडं पडून घसा कोरडा होत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस मास्क हे पर्याय आहेत. तोंडाला टेप लावायचे व्हिडिओ बघून स्वतः प्रयोग करू नका.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे हुक असतात. बोटं आखडलेल्या माणसाला ते फार सोयीचे. पण पेसमेकर, मेंदूतली क्लिप, काही श्रवणयंत्रं यांच्यावर चुंबकाचा परिणाम होऊ शकतो, म्हणून २०२२ पासून कंपन्यांनी सूचना दिल्या आहेत की असं उपकरण शरीरात असेल तर हे मास्क वापरू नयेत. हे फक्त रुग्णापुरतं नाही, त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसालाही लागू आहे. आईला पेसमेकर आणि बाबांना चुंबकाचा मास्क, ही जोडी चालत नाही.

पोट फुगणं, सकाळी ढेकरा येणं याचा अर्थ हवा गिळली जाते आहे. मशीनमधला रॅम्प, म्हणजे कमी दाबापासून हळूहळू वर जायची सोय, आणि श्वास सोडताना दाब थोडा उतरण्याची सोय, या दोन्हींनी बऱ्याच जणांना आराम पडतो. नाकातून वारंवार रक्त, कान दुखणं, ताप येऊन सायनस ठणकणं, सकाळी डोळे लाल होणं, हे असेल तर डॉक्टरांना फोन करा. छातीत अचानक दुखून धाप लागली तर मशीन काढा आणि थेट दवाखाना गाठा. पूर्वी फुफ्फुसाभोवती हवा साठली असेल, फुफ्फुसात हवेचे फुगे असतील, डोक्याला मार लागला असेल किंवा नुकतीच मेंदूची, नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे मशीन लावण्याआधी सांगितलंच पाहिजे.

ज्यांना सीपॅपबरोबर ऑक्सिजनही जोडून दिला आहे त्यांच्यासाठी क्रम ठरलेला आहे. आधी मशीन सुरू, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. मशीन बंद असताना ऑक्सिजन चालू राहिला तर तो डब्यात साठतो आणि ठिणगी पडायची वाट बघतो. त्या खोलीत विडी, सिगारेट, निरांजन, गॅस, काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पलंग हलवा.

रोजचे तास

बहुतेक मशीन सकाळी पडद्यावर तीन आकडे दाखवतात: किती तास वापरलं, किती गळती झाली, आणि एएचआय. आई ते पंचांगाच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. एखाद्या दिवशी आकडा वर गेला तर घाबरायचं कारण नाही, पण आठवडाभर एएचआय पाचच्या वर राहिला, किंवा पुन्हा झापड आली, तर ते पान डॉक्टरांना दाखवायचं. वजन बरंच कमी किंवा जास्त झालं तरीही दाब पुन्हा पाहावा लागतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सीपॅप लावलं की हार्ट ॲटॅक टळतो, असं विकणारे सांगतात. हृदयविकार किंवा मेंदूचा झटका येऊन गेलेल्या २७०० हून अधिक रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. झापड मात्र कमी झाली, मन प्रसन्न राहिलं. त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं, हेही खरं. म्हणून बीपीच्या, साखरेच्या गोळ्या मशीन आलं म्हणून थांबवायच्या नाहीत, आणि मशीन झोप लागेपर्यंत लावून मग काढून ठेवायचं नाही. पहाटेच्या झोपेत श्वास बऱ्याच जणांचा जास्त अडकतो, आणि नेमका तेव्हाच मास्क उशीखाली गेलेला असतो. सवय लागायला वेळ लागतो. बाबांनी पहिला आठवडा दुपारी बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचा नेम केला होता.

प्रवासात मशीन सोबत हवं. विमानात ते हातातल्या सामानात घ्यावं, चेक-इनच्या बॅगेत टाकू नये. सुटी लिथियम बॅटरीही हातातच. १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा अडत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. रेल्वेतल्या मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवर रात्र काढायचा बेत करू नये.

आणि ऑपरेशन असेल तर मशीन हॉस्पिटलात न्यायचं. भूल आणि वेदनाशामक औषधं दोन्ही घसा सैल करतात, त्यामुळे भूल उतरल्यानंतरच्या रात्री ॲप्नियाच्या माणसाला सर्वाधिक जपावं लागतं. मागच्या वर्षी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. फॉर्मवर या आजारासाठी रकाना नव्हता. आईने स्लीप स्टडीचा रिपोर्ट, दाबाचे आकडे लिहिलेली चिठ्ठी आणि मास्क धुऊन ठेवलेली पिशवी भूलतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली, औषधांच्या कागदावर काही खोडून नवं लिहिलं आणि सिस्टरना सांगितलं की आजोबांचं मशीन पलंगाजवळच्या सॉकेटला लावून द्या, रात्री बोटाला ऑक्सिमीटर राहू द्या. टाकीतलं पाणी आईने वॉर्डात पोचल्यावर भरलं.